बेवारस शनिवार

मंगळवारी सकाळी अकराला, म्हणजे जानेवारीत आमच्याकडे जेमतेम फटफटतं तेव्हा, स्वावा गावाच्या गरम पाण्याच्या, आता रिकाम्या कुंडात गुडघ्यांवर बसून शेवाळ खरवडत होती. तेवढ्यात फाटकातून एक उंच माणूस आत आला आणि बुटांसकट ओल्या फरशीवर उभा राहिला.

"बूट," स्वावा म्हणाली. मान वर केली नाही.

"आज माझा वार आहे."

"असेल. बूट काढ."

त्याने वाकून नाड्या सोडायला घेतल्या. बराच वेळ लागला, कारण सगळं डाव्या हाताने चाललं होतं. उजवा हात मनगटापाशीच संपत होता. आता मात्र स्वावाने घासणी खाली ठेवली. लांडग्याने कुठल्या देवाचा उजवा हात तोडला, हे आमच्याकडे पोरांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असतं.

"तू ट्यूर," ती म्हणाली.

"हो."

"मग आजचा वार तुझा नाही. होता. त्याला नऊशे वर्षं झाली. आज तिसरा वार."

देवाशी असं बोलतात का, असं कुणी विचारेल. अहो, आम्ही राष्ट्राध्यक्षालाही अरे-तुरे करतो, तिथे नोकरी गेलेल्या देवाचं काय घेऊन बसलात.

नोकरी गेली ती अशी. नऊशे वर्षांपूर्वी आमच्या या उत्तरेच्या बेटावर होलारच्या एका बिशपला वाटलं, ख्रिस्ताच्या देशात आठवडाभर जुन्या देवांची नावं घेणं बरं नव्हे. एक घाव दोन तुकडे. ट्यूरचा मंगळवार झाला तिसरा वार, ओदिनचा बुधवार झाला मधला वार, थॉरचा गुरुवार पाचवा, आणि त्या बिचाऱ्या फ्रिगचा शुक्रवार चक्क उपासाचा. सूर्य-चंद्राचे दोन वार तेवढे राहिले, त्यांना कोण हलवणार? आणि शनिवार तर आधीपासूनच कुणा देवाचा नव्हता. तो अंघोळीचा वार. उत्तरेत सगळीकडे तो अंघोळीचाच आहे, कारण देव कितीही झाले तरी आठवड्यातून एकदा माणसाच्या अंगाला वास येतोच.

"इंग्रजांकडे आहे माझा वार," ट्यूर म्हणाला. एक बूट सुटला होता. "डेन्मार्कमध्ये आहे, नॉर्वेत आहे. आणि इथे? आमच्या गोष्टी लिहून कुणी ठेवल्या? तुम्ही. वासराच्या कातड्यावर, बोटं आखडेपर्यंत. लांडगा, हात, सगळं. म्हणजे घरात फोटो लावायचा आणि माणूस आला की दाराची कडी काढायची नाही."

"मग नऊशे वर्षांनी आत्ता जाग आली?"

"पत्रं पाठवत होतो. आता उत्तर आलं." त्याने खिशातून कागद काढून तिच्यासमोर धरला. खाली पंचायतीची प्रमुख माग्नेया हिची सही होती.

स्वावाने ते पत्र दोनदा वाचलं आणि घासणी तिथेच टाकून, रबरी बुटांतच, तडक माग्नेयाच्या घरी गेली.

माग्नेया आमच्या सेलाविकची पंचायत चालवते, शाळेची गाडी चालवते आणि टपालही तीच वाटते. एकसष्ट माणसांचं गाव, करायचं काय. ती वाळवलेल्या माशाला लोणी लावत बसली होती.

"चौघांनी अर्ज केलाय, स्वावा. चारही वार परत द्यायचे तर कॅलेंडरं बदला, बोटीचं वेळापत्रक बदला, कचऱ्याच्या गाडीचे दिवस बदला. कोण करणार ते सगळं? मी? शनिवारवर कुणाचंच नाव नाही. बेवारस पडलाय. तो चौघांना मिळून देऊन टाकू. इंग्रजांनी नाही का आपला शनिवार कुठल्या त्या रोमन देवाला देऊन टाकला? काय बिघडलं त्यांचं?"

"आणि अंघोळ?"

"घरोघरी न्हाणीघर आहे, बाई."

"कुंडाचा ठराव आहे, माग्नेया."

"तोच सांगतेय. ठराव म्हणतो, हिवाळ्यात कुंड फक्त अंघोळीच्या वारी उघडायचं. अंघोळीचा वारच उरला नाही तर कुंड बंद. तुझी काळजी करू नको, मासळीच्या कारखान्यात एक जागा आहे." तिने माशाचा तुकडा पुढे केला. "सुनावणी शनिवारी बाराला. नेहमीच्या जागी."

नेहमीची जागा म्हणजे कुंडच. गावाचे सगळे निकाल तिथेच लागतात. पाणी जमिनीतून उकळतं येतं, गळ्यापर्यंत बुडून बसलं की माणूस खोटं कमी बोलतो आणि लवकर उठतही नाही. अंघोळीचा वार मोडायचा की ठेवायचा, हे अंघोळीच्या वारी अंघोळ करून कुंडात बसूनच ठरवायचं, यात माग्नेयाला, स्वावाला किंवा आणखी कुणालाही काही विचित्र वाटलं नाही.

स्वावाला कामाची भीती नव्हती. मासे काय, कुणीही कापतं. तिला भीती होती ती ऑल्वेरची.

ऑल्वेर तिचा सख्खा भाऊ. वरच्या अंगाला त्याची मेंढरं. सात वर्षांपूर्वी त्याच्या कळपात फ्लेका नावाची एक म्हातारी ठिपक्यांची मेंढी होती. तशी मेंढी सगळ्यांच्या नशिबात नसते. बर्फाचं वादळ आलं की ती पुढे व्हायची आणि आख्खा कळप घरी आणायची. एकदा तर कळपाबरोबर स्वावालाही आणली होती, तेव्हा स्वावा रडत रडत तिच्या लोकरीला धरून चालली होती. त्या वर्षी शरद ऋतूत फ्लेका कत्तलखान्याच्या गाडीत चढली. चुकून, असं ऑल्वेर म्हणाला, अंधार होता, ओळखू आली नाही. पण हे तो म्हणाला नंतर. आधी नाताळ आला, आणि नाताळला त्याने बहिणीला धुरावलेल्या मांसाची आख्खी तंगडी पाठवली. स्वावाने खाल्ली, बोटं चाटली, चारचौघांत तारीफ केली. मग कुणीतरी सांगितलं, ती कोण होती.

तेव्हापासून बहीण-भावात बोलणं नाही. रस्त्यात समोरून आला तर ही बर्फात उतरायची. पण कुंडाचा नियम आमच्या आजोबा-पणजोबांपासूनचा आहे: भांडण बुटांच्या मांडणीवर ठेवायचं आणि मग पाण्यात उतरायचं. त्यामुळे दर शनिवारी दीड-दोन तास दोघं समोरासमोर बसायची, वाऱ्याबद्दल बोलायची, गवत पुरेल का याबद्दल बोलायची. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळला की पुन्हा अळीमिळी गुपचिळी. शनिवार गेला असता तर स्वावाचा भाऊ गेला असता. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

शनिवारी ती शिट्टी गळ्यात अडकवून दारात उभी राहिली. दारावर माणसाच्या शरीराचं मोठं चित्र आहे आणि त्यावर चार जागी लाल डाग: डोकं, काखा, जांघा, पावलं. एवढ्या जागा कपडे काढून साबणाने घासल्याशिवाय कुंडात पाय ठेवायचा नाही. एकदा एका मंत्र्याने सूट मागितली होती, तो गाडीत बसून राहिला.

आधी फ्रिग आली. राखाडी स्वेटर घातलेली शांत बाई. चित्र पाहिलं, मान डोलावली आणि बायकांच्या बाजूने निमूट आत गेली. तिला म्हणे पुढचं सगळं ठाऊक असतं, फक्त ती सांगत नाही.

मग ओदिन. डोक्यावर रुंद टोपी, खांद्यांवर दोन कावळे.

"पक्षी बाहेर," स्वावा म्हणाली.

"ते माझी आठवण आणि माझा विचार आहेत."

"असू देत. विष्ठा करतात. टोपी त्या खुंटीला लाव."

"मी ज्ञानाच्या विहिरीतल्या पाण्याच्या एका घोटासाठी माझा डोळा दिलाय, बाई."

"इथलं पिऊ नको. क्लोरीन आहे."

त्याच्यामागून थॉर. दोन बोकड त्याने सायकलींच्या रांगेत बांधले होते आणि ते आत्ताच एका सायकलीची सीट खात होते. त्याने सदरा काढला, विजार काढली, आणि कमरेचा रुंद पट्टा मात्र घट्ट धरून ठेवला.

"हा निघत नाही. माझी निम्मी ताकद यात आहे."

"मग निम्म्या ताकदीने अंघोळ कर. पट्ट्याखाली नऊशे वर्षांचा मळ असेल."

"एवढ्या लोकांत, उघड्याने?"

"राक्षसाच्या घरी नवरीचा वेश घालून गेला होतास, तेव्हा कुठे गेली होती लाज? लेकरंबाळं पाठ म्हणतात ती गोष्ट."

थॉरने पट्टा सोडून तिच्या हातात दिला. तिला तो दोन्ही हातांनीही पेलेना, म्हणून तिथेच दाराशी पडू दिला. लोक येता-जाता त्याला अडखळत होते.

शेवटी ट्यूर आला, आणि इथे खरं घोडं अडलं. त्याने डाव्या हाताने डोकं धुतलं, उजवी काख धुतली, जांघा धुतल्या, पावलं धुतली. पण डाव्या हाताने डावी काख कशी धुणार आणि डावा हात तरी कसा घासणार? स्वावा पुरुषांच्या मोरीच्या दाराशी पाठ करून उभी होती आणि आतल्या एकेकाला विचारत होती.

"झालं का?"

"डावी बाजू राहिली," ट्यूरचा आवाज आला.

"मग आत यायचं नाही."

"पण हातच नाही."

"नियम लाल डागांचा आहे, हातांचा नाही."

आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. चौघांचा मिळून अर्ज. चौघं कुंडात आल्याशिवाय सुनावणी सुरू होत नाही. ट्यूरची डावी काख जन्मात धुऊन होणार नाही. म्हणजे सुनावणी नाही, म्हणजे निकाल नाही, म्हणजे शनिवार जिथल्या तिथे. तिला इतका आनंद झाला की तिने शिट्टी तोंडात धरून उगाच हळूच वाजवली. देवाला नियमात पकडलं, आणि तेही साबणाच्या.

पाच मिनिटांनी मोरीचं दार उघडलं आणि ट्यूर बाहेर आला. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लाललाल, घासून घासून चकचकीत. मागून ऑल्वेर, हातात ब्रश.

स्वावाचं तोंड कडू झालं. जगात एवढी माणसं, आणि तिचा शनिवार घालवायला पुन्हा हाच मिळाला. बोलायचं तर नव्हतंच, अजून ते पाण्यात नव्हते. ऑल्वेरने तिच्याकडे न बघता, ब्रशकडे बघत एवढंच म्हटलं, "एका हाताचा माणूस आहे. त्याने कसं घासायचं?"

कुंडात गर्दी झाली. निम्मं गाव होतं, शिट्टी गळ्यात तशीच ठेवून स्वावाही उतरली होती. माग्नेयाच्या चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे ती बोलताना भलत्याकडेच तोंड करायची. तिने अर्ज वाचून दाखवला. आधी सगळं नीट चाललं होतं. मग शनिवार चौघांत वाटायचा कसा यावर गाडी आली आणि घसरली.

"सकाळ माझी," ओदिन म्हणाला. "मी सगळ्यांचा बाप आहे."

"सकाळी काय असतं? अंधार," थॉर म्हणाला. "सगळा माझ्या नावाने करा. फिनलंडमध्येसुद्धा माझा वार आहे, आणि त्या लोकांचं तर मला एक अक्षर कळत नाही. जर्मनांनी तुझा बुधवार काढून मधला वार केला आणि माझा ठेवला. यावरून समजून घे."

"जर्मनांचं नाव काढू नको."

"का? झोंबलं?"

"तू बोकड खाणारा—"

"आणि तू स्वतःचा डोळा विकून पाणी पिणारा."

आकाशात गडगडलं. कुंडाचं पाणी थरथरलं. स्वावाने शिट्टी फुंकली ती अशी की सायकलींजवळचे बोकड गुडघ्यांवर बसले.

"कुंडात भांडण नाही. तुम्ही दोघं बाहेर. तीन मिनिटं."

"मी ओदिन आहे."

"साडेतीन."

बाहेर उणे आठ होतं आणि वारा खाडीवरून सरळ येत होता. ओले, उघडे, दोघं देव बर्फात उभे राहिले. आधी ताठ, मग जवळ जवळ, मग एकमेकांच्या बगलेत हात घालून. फ्रिग डोळे मिटून पाण्यात बसली होती आणि तिच्या ओठांवर एवढंसं हसू होतं. बहुधा तिला हेही ठाऊक होतं. आत आले तेव्हा दोघांचे दात वाजत होते, आणि शनिवार सकाळचा की संध्याकाळचा यात कुणालाच रस उरला नव्हता.

"तर मतदान," माग्नेया एका खांबाकडे बघून म्हणाली. "शनिवार या चौघांच्या नावे—"

"मला थोडं बोलायचंय," ट्यूर म्हणाला. तो अजूनपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. ऑल्वेरशेजारी बसला होता, डावा हात पाण्याबाहेर कुंडाच्या काठावर ठेवून, आणि मधून मधून त्याकडेच बघत होता.

"लांडगा पिल्लू होता तेव्हा त्याला भरवायला मीच जायचो. बाकीच्यांची छाती होत नव्हती." थॉर खाली पाण्यात बघायला लागला. "मग ठरलं की त्याला बांधून टाकायचं. लांडगा म्हणाला, फसवत नसाल तर एकाने माझ्या तोंडात हात ठेवा. मी ठेवला. आम्ही फसवतच होतो. त्याने हात तोडला, बरोबर केलं त्याने. गोष्टीत मी शूर आहे. पण त्यानंतर मी एकदाही त्याच्यापाशी गेलो नाही. हात गेला म्हणजे झालं, आणखी काय बोलायचं, असं समजत राहिलो. आजही तो तिथेच बांधलेला आहे."

ऑल्वेर तोंडावर पाणी मारत होता, एकदा, दोनदा, तीनदा.

"तेव्हापासून हा दुसरा हात कुणी हातात घेतला नाही," ट्यूर म्हणाला. "वार होता तेव्हाही नाही. मंगळवारी लोक माझं नाव घ्यायचे आणि कामाला जायचे. आज या माणसाने नावसुद्धा न विचारता कोपरापर्यंत साबण लावला. मला तुमचा शनिवार नको. त्याला आहे तेच नाव राहू दे. मी अर्ज मागे घेतो."

"मग माझाही घे," थॉर पुटपुटला. "माझ्या पाठीला हात पुरत नाही."

ओदिनने बराच वेळ विचार केला. कावळे बाहेर असल्याने त्याला वेळ लागत होता. मग त्यानेही मान हलवली. नऊशे वर्षांची शिळी कढी, तिला किती ऊत आणायचा.

"पण मला मंगळवारी यायचंय," ट्यूर म्हणाला. "दर मंगळवारी. वारावर नाव नको, फक्त यायचंय."

"ठरावात बसत नाही," माग्नेया म्हणाली.

तेव्हा फ्रिगने डोळे उघडले आणि त्या दिवसातलं एकमेव वाक्य बोलली. "ज्या वारी कुणी अंघोळ करतं तो अंघोळीचा वार, असं ठरावात घाला."

माग्नेयाने चष्मा काढून पुसला. तिला कॅलेंडर बदलावं लागणार नव्हतं, बोटही नाही, कचराही नाही. "घातलं," ती म्हणाली. "मंगळवारी ट्यूर, बुधवारी ओदिन, गुरुवारी थॉर, शुक्रवारी फ्रिग. शनिवारी सगळे. पण याला घासणार कोण? स्वावाला पुरुषांच्या मोरीत जाता येत नाही."

"मी येईन," ऑल्वेर म्हणाला. "मंगळवारी रिकामाच असतो."

"आणि माझी पाठ?" थॉर म्हणाला.

"गुरुवारीही असतो."

स्वावा पाण्यात हनुवटीपर्यंत बुडून बसली होती. ऑल्वेरची दोनशे मेंढरं आहेत आणि हिवाळ्यात तो एकही दिवस रिकामा नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती आणखी खाली सरकली, नाकापर्यंत.

दोन वाजता सगळे उठले. थॉर आपला पट्टा उचलून, बोकड सोडून, सायकलीच्या मालकाची माफी मागून गेला. बुटांच्या मांडणीपाशी शेवटी दोघंच राहिली. सात वर्षं ती दोघं इथे एकमेकांकडे पाठ करून बूट घालत आली होती, कारण कुंडाचा नियम मांडणीपाशी संपतो आणि भांडण तिथून परत उचलायचं असतं.

ऑल्वेरने एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून थांबला.

"मी ओळखलं होतं तिला," तो म्हणाला.

स्वावाचा हात नाडीवर थांबला. ते पाण्यात नव्हते. टॉवेल तर केव्हाच वाळत टाकले होते.

"फ्लेका चुकून नाही गेली. अंधार-बिंधार काही नव्हता. तिचा मागचा पाय गेला होता, ती हिवाळा काढणार नव्हती. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मग माझ्याच्याने झालं नसतं. म्हणून नाही विचारलं. मीच चढवली तिला. माझ्या हाताच्या मागोमाग चढली, स्वावा. मग सगळ्यात चांगली तंगडी तुला पाठवली. दुसऱ्या कुणी खावी असं वाटेना."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. स्वावाने नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं आणि ते कुंडाचं नव्हतं.

"फार चांगली झाली होती ती," ती म्हणाली. "अजून जिभेवर आहे. तेच तर मला सहन होत नव्हतं, ऑल्वेर."

त्याने दुसरा बूट घातला. दोघं उभी राहिली आणि सात वर्षांत पहिल्यांदाच एका दारातून एकदम बाहेर पडली.

"मंगळवारी किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

"दहाला ये. आणि येताना साबण आण, थॉरने सगळा संपवलाय."